भोंगा कुठवर पोचला

त्या वर्षी मला पगार मिळत होता तो ऐकण्याचा. हे मी ओळखीच्यांना हसत हसत सांगायचो. ते विचारायचे, म्हणजे नक्की काय करता? मग मी जरा छाती काढून सांगायचो, की मस्कतच्या पश्चिमेला जे नवं उपनगर फोफावतंय, तिथं पुराचा इशारा देणारे भोंगे कुठं लावायचे आणि ते कुठवर ऐकू जातात हे तपासायचं काम आमच्याकडे आहे. लोक म्हणायचे, वा, पुण्याचं काम. मीही ते मान्य करायचो. आता आठवलं की कानशिलं तापतात.

ते उपनगर असं वाढत होतं, की महिनाभर तिकडे गेलं नाही तर रस्ता चुकायचा. काल जिथं खडीचे ढीग होते तिथं आज पांढऱ्या व्हिलांची रांग, पुढच्या महिन्यात कोपऱ्यावर औषधाचं दुकान आणि लाँड्री. या सगळ्यातून एक वादी जाते. वादी म्हणजे डोंगरातून समुद्राकडे उतरणारं कोरडं पात्र. वर्षभर तिच्यात बकऱ्या फिरतात, लोक गाड्या लावतात, संध्याकाळी क्रिकेट चालतं. आणि डोंगरात दोनेक तास जोराचा पाऊस झाला, की इथं डोक्यावर लख्ख ऊन असताना तिच्यातून गाडी वाहून नेईल असं पाणी येतं. म्हणून भोंगे. जुन्या वस्तीसाठी होते, पण वस्ती त्यांच्या आवाजाच्या कितीतरी पुढं पसरली होती.

आमची सल्लागार कंपनी लहान. माझा साहेब ओमानी, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि स्वभावानं मऊ. चिडका मी. फाइल वेळेवर आली नाही, कुणी नकाशा उलटा धरला, एवढंही मला पुरायचं. नव्या भोंग्यांचा आवाज तपासण्यासाठी आम्ही ज्या जागा निवडल्या त्यांच्या यादीत शाळा होती, मशीद होती, व्हिला होत्या. वादीच्या पलीकडे, एका बुटक्या डोंगरीच्या आडोशाला असलेला कामगारांचा कॅम्प मात्र नव्हता. तो तात्पुरता, ठोकळ्यांवर ठेवलेल्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनचा. नकाशावर त्याला प्लॉट नंबरच नव्हता.

मी बैठकीत आवाज चढवला. म्हणालो, माणसं तात्पुरती नसतात. साहेबानं शांतपणे विचारलं, "किती माणसं राहतात तिथं?" मी सांगितलं, दोनशेच्या वर. तो म्हणाला, "मग घाल की यादीत. खलास." मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, आणि भांडायची गरजच पडली नाही. जरासा हिरमुसलोच.

मला एवढं का लागलं होतं, तेही सांगायला हवं. माझ्या वडिलांच्या गावात आमची वस्ती वेशीच्या बाहेर, उताराला होती. वडील लहान असताना एकदा तलावाचं पाणी सोडायचं ठरलं. गावात दवंडी फिरली आणि वेशीपाशी थांबली. आमच्या लोकांना पाण्यानंच सांगितलं. वडील आणि त्यांचा भाऊ कडुनिंबावर बसून राहिले, दोन शेळ्या डोळ्यांदेखत गेल्या. ही गोष्ट वडिलांनी मला इतक्यांदा सांगितली होती, की ती मीच पाहिली आहे असं मला वाटायचं. त्यामुळे तो कॅम्प यादीत घालताना मला वाटलं, आपण काहीतरी फेडतोय.

पहिल्यांदा कॅम्प बघायला गेलो तेव्हा दुपार होती आणि सगळा कॅम्प रिकामा. माणसं पहाटेच कंपनीच्या बसनं रुसैलच्या कारखान्यांत जातात, संध्याकाळी परततात. मागे उरतो तो भंडारी. इकडे कॅम्पाच्या आचाऱ्याला भंडारी म्हणतात. जहाजावरचा शब्द जमिनीवर आलेला. हा भंडारी पन्नाशीचा, रत्नागिरीकडचा, दाढी मेंदीनं रंगवलेली. मी फोनवर बायकोशी बोलत होतो ते ऐकून त्यानं झारा खाली ठेवला.

"मराठी मानूस? आवो मग उन्हात काय उभे? आत येवा. जेवल्याबिगर नाय सोडायचा तुमाला."

बांगड्याचं कालवण आणि भात वाढून त्यानं मला कॅम्पाची व्यवस्था सांगितली. दिवसा इथं तो, आणि आजारपणाच्या रजेवर पडलेले दोन-चार जण. पूर आलाच तर कंपनीनं जबाबदारी त्याच्यावर टाकलेली. त्यानं मोठं पातेलं घ्यायचं, त्यावर झारा बडवत सगळ्या खोल्यांवरून फिरायचं आणि जे असतील त्यांना मागच्या उंचवट्यावर न्यायचं.

"पन मना कलनार कसा, साहेब? डोंगरात पाऊस पडला तर इथं काय दिसत नाय."

"म्हणून तर भोंगा," मी म्हणालो. "तो वाजला की तुम्ही पातेलं वाजवायचं."

"आनि तो इथवर येईल ना?"

"मी स्वतः इथं उभा राहून ऐकणार आहे."

त्यानं माझ्या ताटात आणखी एक बांगडा घातला. त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, याच कॅम्पात राहायचा, पाइपांच्या परांचीवर चढून काम करणारा. भंडाऱ्यानंच त्याला दोन वर्षांपूर्वी इकडे आणलं होतं. "सासूनं माज्या हातात दिलाय त्याला," तो म्हणाला.

चाचणीचा दिवस गुरुवार होता. इथं शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारी दुपारपासून सगळ्यांचं चित्त घराकडे लागतं. मला सहा जागा दिल्या होत्या. दर अर्ध्या तासानं भोंगा वाजणार. मी त्या त्या जागी उभं राहून आवाज मोजायच्या यंत्रावरचा आकडा लिहायचा आणि तीनपैकी एका चौकटीत खूण करायची: स्पष्ट ऐकू आला, अस्पष्ट ऐकू आला, ऐकू आला नाही. सहावी जागा कॅम्प. पाच जागा मी अगदी चोख केल्या. एका व्हिलात तर आत जाऊन, एसी लावायला सांगून, दार बंद करून ऐकलं.

पाचवी जागा उरकून कॅम्पाकडे निघालो आणि फोन आला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आमच्या मंडळाची जयंती होती. बाबासाहेबांची जयंती आम्ही इथं जवळच्या सोयीच्या शुक्रवारी करतो, वादी कबीर नावाच्या भागात एक हॉल घेऊन. त्या वर्षी मुख्य भाषण माझं होतं आणि हॉलची व्यवस्थाही माझ्याच गळ्यात होती. हॉलवाला म्हणत होता, माइक आणि स्पीकर तुमचे तुम्ही आणा. माझं टाळकंच सरकलं. पेट्रोल पंपाच्या सावलीत गाडी थांबवली, काचा वर केल्या, एसी लावला आणि त्याला फैलावर घेतलं. त्यानं दुसऱ्याला फोन दिला, दुसऱ्यानं पुन्हा पहिल्याला. मी हिंदीत भांडलो, इंग्रजीत भांडलो, शेवटी विनवण्या केल्या. स्पीकर मिळाले. फोन ठेवला आणि भोंगा वाजला.

तो मला बंद काचांमधूनही स्वच्छ ऐकू आला, कारण खांब जवळच होता. कॅम्प अजून दोन किलोमीटर पुढं, डोंगरीच्या मागं.

साहेबाला एक फोन करायचा होता, बस्स. आणखी एकदा वाजवा, मला उशीर झाला. तो नाही म्हणणारा माणूसच नव्हता. पण बैठकीत इतरांना वेळेवरून झापणारा मी, आणि मलाच उशीर झाला, हे तोंडानं सांगणं मला जड गेलं. घरी भाषण पुरं व्हायचं होतं. शिवाय संगणकावरच्या नकाशात भोंग्याभोवतीचं वर्तुळ कॅम्पाच्या बरंच पुढं जात होतं. वर्तुळाला डोंगरी दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. त्याचंच तर मी शिक्षण घेतलंय.

मी गाडीत बसून सहाव्या ओळीत 'स्पष्ट'ला खूण केली. आकडाही लिहायचा होता. पाचव्या जागेचा आकडा पाहिला आणि त्याहून थोडा कमी लिहिला, खरा वाटावा म्हणून. नुसती टाळाटाळ असती तर मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. पण तो आकडा थोडा कमी लिहिण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर होतं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. निळे फेटे, पांढऱ्या साड्या, मुलं आपसांत इंग्रजीत कुजबुजत होती. मी वडिलांची गोष्ट सांगितली, वेशीपाशी थांबलेली दवंडी सांगितली. मग म्हणालो, आज मी ज्या कामावर आहे तिथं एक वस्ती नकाशाच्या बाहेर होती. तिचं नाव यादीत मी घातलं. टाळ्या पडल्या. दोन बायकांनी डोळे पुसले. स्पीकर फार छान होते, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द गेला असं सगळे म्हणाले. आणि बोलताना मला त्या सहाव्या ओळीची आठवण एकदाही झाली नाही.

तीन आठवड्यांनी डोंगरात पाऊस झाला. दुपारची वेळ, आमच्या ऑफिसच्या खिडकीत ऊन. भोंगा वाजला तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. शाळेनं मुलं वरच्या मजल्यावर नेली, लोकांनी वादीतल्या गाड्या काढल्या, आणि अर्ध्या तासात पाणी आलं तेव्हा पात्र रिकामं होतं. संध्याकाळपर्यंत मी तीन जणांना फोन करून सांगितलं होतं, की आमचं काम यशस्वी झालं.

कॅम्पाचं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पाणी वळणावर फुटून कॅम्पात शिरलं होतं. रजेवरचे तिघं होते. दोघं आवाज ऐकून पळाले. आवाज म्हणजे पाण्याचा. तिसरा भंडाऱ्याचा मेव्हणा, तापानं फणफणलेला. त्याची कॅबिन ठोकळ्यांवरून सरकली, कलंडली, आणि दोनमजली लोखंडी खाट त्याच्या पायावर आली. पाय दोन ठिकाणी मोडला. परांचीवर चढणं संपलं.

मी गेलो तेव्हा भंडारी मेसच्या पायरीवर बसला होता. आत भिंतीवर कमरेइतकी चिखलाची रेघ. मला बघून तो उठला.

"साहेब, भोंगा वाजला व्हता काय काल?"

"हो. वाजला."

यात खोटं काही नव्हतं. भोंगा वाजला होताच.

"सगले तसाच बोलतायत. दुकानवाला बोलला, मशिदीतले बोलले." तो माझ्याकडे बघत राहिला. "इथं आयकू येतो ना पन? तुमी तपासलाव व्हता."

मी होकाराची मान हलवली. शब्द नाही काढला, नुसती मान हलवली.

"मग माझाच गुन्हा," तो म्हणाला. "मी मच्छी तलीत व्हतो. त्यो एक्झॉस्टचा पंखा, लय घरघर करतो. त्याच्यातच गेला भोंगा. पोरगा आत पडलेला, आनि मी मच्छी तलीत व्हतो."

तेव्हा बोललो असतो तर निम्म्यावर निभावलं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "स्वतःला दोष देऊ नका." दुनियेतला सगळ्यात नीच माणूससुद्धा याहून बरं काही बोलला असता.

मेव्हणा कुबड्यांवर गावी गेला. जूनमध्ये मी त्या बाजूनं जाताना कॅम्पात डोकावलो. बाहेर उभं राहवत नव्हतं असं ऊन, आणि मेसमध्ये धूर कोंडलेला. भंडाऱ्याचे डोळे लाल, अंगातला बनियन पिळून काढावा असा. पंखा त्यानं बंद ठेवला होता. तेव्हापासून तो रोज दोनशे माणसांचं जेवण असंच रांधत होता, भोंगा ऐकू यावा म्हणून. मी दारातूनच मागं फिरलो. त्यानं मला पाहिलं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही आणि मी बायकोला सगळं सांगितलं. आकड्यासकट.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली.

"मग कुणाला सांगू?"

"हे तू मला विचारतोयस? नाव यादीत घातलंस ते अख्ख्या हॉलला सांगितलंस. तेव्हा कुणाला सांगू म्हणून विचारलं नव्हतंस."

मी चिडलो. अर्थात चिडलोच, दुसरं मला येतं काय? दोन दिवस घरात अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात एक टिपण लिहिलं: उपनगराची वाढ लक्षात घेता वादीच्या पलीकडे डोंगरीमागे आणखी एक भोंगा लावणं गरजेचं आहे. वाढ लक्षात घेता! कॅम्प होता तिथंच होता, एक खोलीही वाढली नव्हती. साहेबानं टिपण वाचून म्हटलं, "त्या लोकांची काळजी फक्त तुलाच आहे." मी अरबीत 'शुक्रन' म्हणून आभार मानले.

पुढं, नवा भोंगा लागल्यावर, ऑफिसातही ते उघड झालं, मीच केलं. त्याचं जे व्हायचं ते झालं. ते इथं लिहीत नाही, कारण त्याची मला फारशी लाज वाटत नाही.

नवा खांब ऑक्टोबरात उभा राहिला. मधल्या काळात भंडारी महिनाभर रजेवर गावी जाऊन आला होता. चाचणीच्या दिवशी मी तासभर आधीच कॅम्पात जाऊन थांबलो, यंत्र हातात धरून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. भोंगा वाजला आणि पत्रे थरथरले. भंडारी कानांवर हात ठेवून बाहेर आला. आवाज थांबल्यावर तो पहिल्यांदा हसला, आणि लगेच खिशातून फोन काढून त्यानं मेव्हण्याला लावला, स्पीकरवर.

"आयकलास काय रे? फोनमधनं बी आला आसंल. साहेबांनी आपल्याला नवा दिलान. आता मी बहिरा झालो तरी आयकू येनार." मग त्याचा आवाज उतरला. "जुना बी वाजला व्हता रे. मनाच नाय आयकू आला."

"साहेब हायत काय तिथं?" पलीकडून आवाज आला.

"हायत, हायत. बोल."

"साहेब, सलाम. एक विचारू? त्या दिशी मी जागाच व्हतो. अंगात ताप, झोप कुटली? माज्या खोलीत पंखा नाय, काय नाय. मना बी भोंगा आयकू आला नाय. कोनाला बोललो नाय मी. वाटला, तापात माझेच कान गेले असतील. तो खराच येत व्हता काय तिथवर?"

भंडारी माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. मी हो म्हणेन अशीच त्याची खात्री होती, आणि मेव्हण्याला आता कसं समजावायचं, एवढीच काळजी होती.

"नाही," मी म्हणालो. "तिथं तो येतच नव्हता. मी त्या दिवशी तपासायला आलोच नाही. गाडीत बसून कागदावर लिहून टाकलं."

भंडाऱ्यानं फोन स्वतःकडे ओढून घेतला, मग पुन्हा खाली केला.

"मी सासूची माफी मागून आलो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "रजेत. भर घरात, चार मानसांच्या म्होरं. बोललो, तुझ्या पोराचा पाय मी मोडला. ती एक शबुद बोलली नाय माज्याशी. बायको अजून नीट बोलत नाय. तुमाला म्हायत व्हता, साहेब? इतके दिस म्हायत व्हता?"

"हो."

त्यानं मान वळवून वादीकडे पाहिलं. मग फोन तोंडाशी नेला. "अम्मीला दे," तो मेव्हण्याला म्हणाला. आणि फोन माझ्यापुढं धरला.

"मना काय सांगू नका. तिला सांगा."

पलीकडे कुणीतरी चालत गेल्याचा, कुबडी टेकल्याचा आवाज आला. कोंबड्यांचा कलकलाट. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, जवळून.

"कोन बोलता?"

मी माझं नाव सांगितलं. ते तिला काही कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, कोण.

"भोंगा तपासायचं काम ज्याचं होतं," मी म्हणालो, "तो."